पेटीतली तिसावी चावी

मी एक जुना प्लगइन आहे. जुना म्हणवून घ्यायला मला लाज वाटत नाही, मित्रांनो. ज्याने मला बंद केलं, त्याला वाटू दे हवी तर.

प्लगइन म्हणजे ऑनलाइन दुकानाला मागाहून जोडलेला कामगार. माझं दुकान आइसलंडच्या उत्तरेला, आकुरेरी गावात आहे. मालकीण गेइरलौग. ती लोकर विकते आणि लोकरीच्या जोडीला स्वेटरची नक्षी आखायचं एक सॉफ्टवेअर विकते. ते चावीशिवाय उघडत नाही. चावी म्हणजे वीस अक्षरं-आकड्यांची एक ओळ. कोणी पैसे भरले की मी पेटीतून एक चावी काढतो, तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव घालतो आणि पाठवून देतो. एकाला दिलेली चावी दुसऱ्याला देत नाही. माझं काम एवढंच आणि माझा धर्मही एवढाच.

माझ्या आधी इथे एक परदेशी, तयार प्लगइन होता. एक चावी घरातल्या पाच जणांना चालेल, असा गेइरलौगचा नियम. त्या शहाण्याने घर ओळखायचं कसं ठरवलं, तर आडनावावरून. इथे आडनाव आहे कोणाला? नवरा अरीचा मुलगा, बायको पॉलची मुलगी आणि पोरांच्या पुढे बापाचं नाव. एका टेबलावर जेवणारी माणसं त्याने एकमेकांना परकी ठरवली.

"माझी बायको माझी कोणी लागत नाही, असं तुझं दुकान म्हणतंय," एका गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलं. "पंचवीस वर्षं झाली लग्नाला. आधी सांगायचंस ना."

गेइरलौग ही तक्रार घेऊन पोहण्याच्या तलावावरच्या गरम हौदात गेली. गावातली निम्मी कामं तिथेच ठरतात. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली ओड्नी तिला भेटली. ओड्नी मासळीच्या कारखान्यातले संगणक सांभाळायची.

"घरातलं माणूस कोण, हे यंत्राने ओळखायचं कसं गं?" गेइरलौगने विचारलं.

"ओळखायचं कशाला? घरालाच विचारायचं. पाच नावं लिहून घ्यायची आणि गप्प बसायचं."

त्या एका वाक्यातून मी जन्मलो. ओड्नीने सहा आठवडे खपून मला घडवलं. पहिल्याच परीक्षेत मी नापास झालो. पेटीत एकच चावी ठेवून ओड्नी आणि गेइरलौग दोन संगणकांवर बसल्या, एक-दोन-तीन म्हणून एकदमच बटण दाबलं, आणि मी ती चावी दोघींना देऊन बसलो. ओड्नीने मला उसवून पुन्हा विणलं. तेव्हापासून मी आधी चावी मुठीत धरतो, मगच नाव लिहितो. आणखी एक नियम तिने माझ्यात घट्ट बसवला. चावीवरचं एक जरी माणूस ती वापरत असेल, तर ती चावी परत पेटीत जाणार नाही. मालकाने सांगितलं तरी नाही.

अकरा वर्षं मी राबलो. शरदात मेंढ्या डोंगरावरून घरी उतरल्या की लोकांचे हात विणकामाला मोकळे व्हायचे, आणि नाताळपर्यंत मला उसंत नसायची. एकही चावी दोनदा गेली नाही. गेइरलौग जाता-येता गल्ल्यावरच्या संगणकावर थाप मारून म्हणायची, "माझा खडूस बरा आहे." मला ते फार आवडायचं.

मग राजधानीतून तिचा भाचा स्टुर्ला दुकान बघायला आला. माणूस वाईट नव्हता, पण कुठल्याही अडचणीवर त्याचं उत्तर एकच, "होईल काहीतरी." मे महिन्यात गेइरलौग लोकर आणायला पूर्वेकडे गेली असताना हॅम्बर्गच्या एका विणकाम मंडळाने तीस चाव्या मागितल्या. स्टुर्लाने शुक्रवारचा शब्द देऊन टाकला. पेटीत चाव्या होत्या एकोणतीस. नव्या चाव्या फक्त ओड्नीच करते, आणि ओड्नी मे महिन्यात भावाच्या शेतावर मेंढ्यांची बाळंतपणं करते. त्याने तिला फोन लावला.

"आत्ता माझा हात मेंढीच्या पोटात आहे," ती म्हणाली. "रविवारी बघते."

स्टुर्लाला रविवार चालणार नव्हता. त्याने पेपर उघडला. इथे गेलेल्या माणसावर घरचे लोक पेपरात लेख लिहितात आणि सगळा देश ते वाचतो. त्या दिवशी बाल्डविन नावाच्या शेतकऱ्यावर अर्धं पान होतं. स्टुर्लाने माझी यादी चाळली. बाल्डविनच्या नावावर एक चावी निघाली.

"चला, तिसावी मिळाली," तो म्हणाला आणि ती परत पेटीत टाकायला मला सांगितलं.

मी लिहिलं, 'ही चावी वापरात आहे.'

"अरे, तो गेला. मेलेल्या माणसाला स्वेटर कशाला लागतोय?"

मी पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्यांदाही तेच. त्या चावीवर पाच नावं होती, आणि त्यांतलं एक आदल्याच दिवशी नक्षी काढून गेलं होतं. मी घाबरलो नव्हतो, मित्रांनो. मला राग आला होता.

"हट्टी थेरडा," असं म्हणून त्याने मला बंद केलं आणि माझ्या जागी तोच जुना परदेशी शहाणा आणून बसवला. त्याने तिसावी चावी निमूटपणे हॅम्बर्गला धाडली.

पुढचं मला त्या संगणकाच्या कोपऱ्यात पडल्या पडल्या ऐकू आलं. सोमवारी दाराची घंटा वाजली. शहात्तर वर्षांची ड्रिफा दोन तास गाडी हाकत आली होती. ती बाल्डविनची बायको. तिने चाळीस वर्षं कागदावर काढलेल्या नक्ष्या नवऱ्याने आजारपणात एकेक करून सॉफ्टवेअरमध्ये भरल्या होत्या. कागद गोठ्याच्या ओलीत कुजून गेले होते. आता जे होतं ते त्या चावीच्या आतच होतं.

तोवर गेइरलौग परतली होती. "ये ड्रिफा, कॉफी टाकते," ती म्हणाली.

"कॉफी नंतर. काल माझी नक्षी उघडेना. नाव लिहिलं, तर तुझं दुकान म्हणतं, तुम्ही या कुटुंबातल्या नाही."

स्टुर्ला चाचरत म्हणाला, "मी पेपरात वाचलं... म्हणजे, तो गेला म्हणून मला वाटलं, चावी मोकळी झाली."

"तो लेख मी लिहिला होता," ड्रिफा म्हणाली. "अर्धाच वाचलास. खाली शेवटच्या ओळीत लिहिलंय, मागे कोण कोण राहिलं ते."

तीच चार नावं माझ्याजवळ होती. मी ती शेवटपर्यंत वाचली होती.

गेइरलौगने लगेच फोन उचलला. तासाभरात ओड्नी आली, केसांत गवत तसंच. तिने शहाण्याला उपटून काढलं आणि मला जागं केलं. त्या चावीच्या बदल्यात तिने नवी चावी बनवली, आणि स्टुर्लाने ती स्वतःच्या हाताने माफीच्या पत्रासह हॅम्बर्गला पाठवली. ड्रिफाच्या नक्ष्या उघडल्या. ती एकेक बघत बसली, आणि कॉफी निवून गेली.

"बाल्डविनचं नाव काढून टाकू का चावीवरून?" ओड्नीने हळूच विचारलं.

"राहू दे. जागा थोडीच अडवतोय तो."

मित्रांनो, जुनं यंत्र 'नाही' म्हणालं की त्याला लगेच बिघडलेलं समजू नका. कोणीतरी विचार करून ते 'नाही' त्याच्यात घातलेलं असतं. त्याची निगा राखा, त्याला नवं शिकवा, पण बंद करण्याआधी त्याचं म्हणणं शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

स्टुर्ला आता वाचतो. तरी पुन्हा मे येईल, पुन्हा पेटीत एक चावी कमी पडेल, आणि कोणीतरी म्हणेल, होईल काहीतरी. येऊ दे. बाल्डविनच्या चावीवर आजही पाच नावं आहेत, आणि मी जागा आहे.