गार पाण्यातला हात

माझी भाची ऋतिका मानसशास्त्रात पीएच.डी. करते. माणूस किती कळ सोसतो, हे ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावून मोजायची. एकदा तिनं मलाही बसवलं, पण त्या बंद खोलीत मी लगेच हात काढला.

"मावशी, कार्तिकात तू पहाटे गार पाण्यानं अंघोळ करतेस ना?"

"ती देवासाठी गं. इथे कुणासाठी सोसू?"

तिचा चेहरा उतरला. खोलीतलं मोजमाप बाहेर खरं ठरत नसेल, तर तिचा सगळा अभ्यास वाया जाणार होता.

रीतसर परवानगी काढून ती कर्वेनगरच्या आमच्या देवळात पाण्याच्या बादल्या घेऊन आली. पाणी थर्मामीटर लावून प्रयोगशाळेतल्याइतकंच गार केलेलं.

"बर्फ आणलाच आहेस, तर सरबतही करायचंस," आमच्या भजनी मंडळातल्या विमलाबाई म्हणाल्या.

भजन सुरू झालं आणि आम्ही सगळ्यांनी हात बुडवले. कळ तीच होती, हाडापर्यंत जाणारी. पण आता ती माझ्या एकटीची नव्हती.

"अहो काकू, ठरलेली वेळ संपली, काढा हात," ऋतिका एकेकीला म्हणाली. अभंग संपेपर्यंत कुणी ऐकलं नाही.

लालबुंद झालेला माझा हात मी बघतच राहिले. तो माझाच आहे, हे खरं वाटेना.

ऋतिका हळूच म्हणाली, "मावशी, यापुढे प्रयोग इथेच करायचा."