बोंडाचा ताबा

विरजण मागावं तसे बाबुराव भोईरांनी कुंपणावरून पराग मागितले. पलीकडच्या ज्युलियानाबाई परेरांनी ताक घुसळता घुसळता होकाराची मान हलवली. बाबुरावांनी त्यांच्या जांभळ्या आयरिसच्या फुलातला परागकोश चिमट्यानं उचलला आणि आपल्या पिवळीकडे गेले. मधमाशीला बसायला जागा नको म्हणून पिवळीच्या खालच्या पाकळ्या त्यांनी खुडल्या, आतल्या ओठासारख्या कडेवर पराग चोळले आणि वर मलमलची पिशवी बांधली.

फूल वाळलं. त्याच्या खाली हिरवं बोंड धरलं. देठाला चिठ्ठी लागली: भोईर पिवळी × परेरा जांभळी.

ज्युलियानाबाईंनी चष्मा लावून वाचलं. "आमचं नाव मागं का?"

"आईचं नाव आधी लिवतात. बाप फुलीच्या पलीकडं."

"आमच्यात लेकरं बापाच्या घरची असतात, बाबुराव."

"मग बाळंतपण तुमीच करायचं होतं."

नवरा गेल्यापासून ज्युलियानाबाईंशी इतकं कुणी भांडलं नव्हतं. रात्री त्यांना छान झोप लागली. सकाळी मात्र त्या हट्टानं बोंडाचा ताबा मागायला नौपाड्यातल्या वकीलबाई नीरजा ताम्हणे यांच्याकडे गेल्या. ताम्हणेबाईंना यात नवल वाटलं नाही.

"दोन्ही पक्षकारांना हजर करा," त्या म्हणाल्या. "फोटोही लागतील. तीन पाकळ्या वर, तीन खाली, स्पष्ट दिसल्या पाहिजेत."

एप्रिल संपत आला तेव्हा ताम्हणेबाईंच्या कचेरीतली तारीख मिळाली. बाबुराव आणि ज्युलियानाबाई एकाच रिक्षातून दोन कुंड्या मांडीवर घेऊन गेले. वाटेत खड्डा आला की बाबुराव दुसऱ्या हातानं त्यांचीही कुंडी धरत होते.

ताम्हणेबाईंनी जांभळीचा फोटो परत केला. "यात नुसती पानं आहेत. हिची ओळख पटत नाही."

"मोसम गेला तिचा," ज्युलियानाबाई म्हणाल्या.

"मग मी सही कशावर करू?"

वाद चालू असतानाच टेबलावर चट् असा आवाज झाला. बोंड पिकून वरून उकललं होतं. आत तीन कप्पे होते आणि प्रत्येकात बिया चवडीनं रचलेल्या. सगळे उठून उभे राहिले.

ताम्हणेबाईंनी एक कप्पा बाबुरावांना दिला, एक ज्युलियानाबाईंना. तिसरा पाकिटात घालून लाख लावली.

"हा माझ्या ताब्यात. तुमच्या दोघांची रोपं फुलली की रंग बघू, कुणावर गेलीत ते. पुढली तारीख दोन वर्षांनी, पंधरा फेब्रुवारी. दोघांनीही हजर राहायचं."

ज्युलियानाबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना डॉक्टरसुद्धा तीन महिन्यांपलीकडची तारीख देत नसे. येताना त्यांनी टेंभी नाक्यावर रिक्षा थांबवली आणि दुकानदाराकडे दोन वर्षांनंतरचं कॅलेंडर मागितलं.

"अजून छापलं नाही, आजी."

"छापलं की एक ठेव," त्या म्हणाल्या. मग रिक्षात कुंड्या सांभाळत बसलेल्या बाबुरावांकडे बघून म्हणाल्या, "दोन ठेव."