सरदाराच्या छातीतला दिवा

बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात सात रोबो होते. सहांचे दोन्ही हात शाबूत, एकाचा डावा गायब. छातीचं बटण दाबल्यावर पाचांचे दिवे झक्क लागले, छुटकूचा मंद लागला, आणि सरदाराचा लागलाच नाही. निजामुद्दीन चाचांनी सकाळीच सगळ्यांत नवे सेल घातले होते, त्यामुळे सेलचा दोष म्हणायची सोय नव्हती. सरदाराच्या पाठीत चार स्क्रूंच्या जागा होत्या. स्क्रू तीन होते.

लाइबाने तो उलटा करून पाहिला आणि गुपचूप डब्यात ठेवला.

चाचांनी ही ‘सिग्नल सेना’ सतरा वर्षांपूर्वी जेद्दाहून आणली होती, स्वतःच्या मुलासाठी, मोईनसाठी. सोबत त्याच खेळण्यांवर काढलेल्या कार्टून सिनेमाची सीडी होती. सीडी कधीच गेली. आता मोईनही जेद्दालाच नोकरीला होता. त्याला तो सिनेमा इंटरनेटवर कुठेतरी सापडला, त्याने लिंक पाठवली, आणि चाचांनी रविवारी दुपारी पुतण्या-पुतणीला उस्मानपुऱ्यातल्या घरी बोलावलं. लाइबा सव्वीसची, वासिफ तेवीसचा. दोघं बहीण-भाऊ रोबोंचा डबा मध्ये ठेवून टीव्हीसमोर बसले.

वासिफ नेहमीप्रमाणे सोफ्याच्या डाव्या टोकाला, भिंतीला चिकटून. जग सगळं उजवीकडे.

“आवाज वाढव गं,” चाचा म्हणाले. “आमच्या बहिऱ्या नवाबाला ऐकू येत नाय.”

“येतंय की, चाचा,” वासिफ हसला.

“काय येतंय! मागच्या ईदला दहा हाका मारल्या मी. उद्या हिच्याच दवाखान्यात कान तपासायला पाठवलंय ना तुला कंपनीनं? बहीण मशीनवर, भाऊ खुर्चीत. घरचाच मामला!” चाचा स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले.

मामला खरंच घरचा होता. लाइबा कानाच्या दवाखान्यात श्रवणतपासणी करायची. शेंद्र्याच्या एका कारखान्याने वासिफला क्रेन चालवायच्या कायम नोकरीसाठी निवडलं होतं. अडीच वर्षं कंत्राटावर घासल्यावर मिळालेली निवड. एवढी एक तपासणी राहिली होती. दोन्ही कान पंचवीस डेसिबलच्या आत आले की पास. त्याहून मोठा आवाज लागला, तर घरी.

सिनेमा सुरू झाला. लहानपणी तो अफाट वाटला होता. आता एकाहत्तर मिनिटांचा निघाला. स्फोट एकच काढलेला होता आणि तोच चार वेळा वापरला होता. ओठ थांबल्यावरही हिंदी संवाद चालू राहत होते. प्रत्येक रोबो पहिल्यांदा आला की गोल गोल फिरून पाठ, पोट, बटण दाखवायचा. दुकानदाराने गिऱ्हाइकासमोर धरावा तसा. लाइबा हे मोजत बसली. मोजत बसलं की बाकीचं आठवत नाही, असा तिचा अनुभव होता.

मग वादळ आलं. छुटकूच्या कानातलं यंत्र फुटलं, त्याला हुकूम ऐकू येईनात. सरदाराने दरीपलीकडून छातीचा दिवा उघडझाप करायला सुरुवात केली. एकदा म्हणजे थांब. दोनदा म्हणजे चल. छुटकू दिव्यावर नजर लावून कड्यावरून चालत राहिला.

चाचा चहा टाकायला आत गेले.

“आपा,” पडद्यावरची नजर न काढता वासिफ म्हणाला, “उद्या वीस लिही. दोन्ही कानांना.”

“मशीन सांगतं तेच लिहावं लागतं.”

“मशीनवर हात तुझाच असतो ना?”

“असं होत नसतं, वासिफ.”

“होतं की. स्क्रूड्रायव्हर पण तुझाच होता.”

लाइबाने डब्यातून उचललेला छुटकू तिच्या हातात तसाच राहिला.

“पडद्याआड उभा होतो मी,” तो म्हणाला. “तू सरदाराची पाठ उघडलीस. मला वाटलं, दुरुस्त करतीयस.”

दिवा कुठून येतो, एवढंच तिला बघायचं होतं. नऊ वर्षांची होती. तार तुटली, एक स्क्रू घरंगळून मोरीत गेला. चाचांनी विचारलं तेव्हा तिने बोट केलं सहा वर्षांच्या भावाकडे. चाचांनी एकच ठेवून दिली, डाव्या कानाखाली, पण दुकानातल्या कापडाचे तागे उचलणाऱ्या हाताची. अम्मी तेव्हा वैजापूरला खालाकडे, तिच्या बहिणीकडे, गेली होती. दोन दिवसांनी आली तर पोराच्या उशीवर पिवळा डाग. “काय झालं याला?” तिने विचारलं, आणि उत्तरही लाइबानेच दिलं: “हौदात डुबकी मारली. पाणी गेलं कानात.”

पाणी गेलं तर घरचा इलाज ठरलेला. अम्मीने तेलात लसूण तळला, तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. चाळीस दिवसांचा चिल्ला पुरा व्हावा म्हणून सोडतच राहिली. एकही दिवस चुकवला नाही. थपडेने कानाच्या पडद्याला पडलेलं भोक कान कोरडा ठेवला तर बहुतेक वेळा आपोआप बुजतं, हे लाइबाने कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला वाचलं. ‘कोरडा’ या शब्दाखाली तिने पट्टीने रेघ मारली होती.

“तेव्हा बोलला का नाहीस?” तिने विचारलं.

“तू रडायली होतीस. एवढी मोठी घोडी, अन् रडायली होतीस. मला दया आली.”

चाचा चहा घेऊन आले. त्यांनी सरदाराला उचललं, दोनदा बटण दाबलं आणि मान हलवली. “याचा दिवा ह्या नवाबानंच घालवला. एक दिली होती मी, आठवते का रे? एका थपडीत सुधारला बघ. नायतर आज टपरीवर बसला असता.”

वासिफने बहिणीकडे पाहिलं. चांगला वेळ पाहिलं.

“चहात साखर कमी हाय, चाचा,” लाइबा म्हणाली.

“हौ चाचा,” वासिफ म्हणाला, “आठवते.”

सोमवारी तो वेळेवर आला, दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात. आवाजबंद खोलीत बसला. लाइबा काचेबाहेर, मशीनसमोर. बारीक आवाज ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं. उजवा कान झाला. पंधरा.

डावा सुरू केला. चाळीसला त्याने बटण दाबलं. तीसला दाबलं. वीसलाही दाबलं, लगेच, एकदाही न चुकता. ऐकणारा माणूस कधीतरी अडखळतो. हा अडखळत नव्हता. तिने आवाज शून्याखाली दहावर नेला, जिथे या डाव्या कानाला काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्याने दाबलं.

लाइबाने मशीनकडे पाहिलं. आवाज सोडला की त्यावर एक हिरवा दिवा लागायचा, मटाराएवढा. काचेतून तो वासिफला थेट दिसत होता.

ती उठून आत गेली.

“खुर्ची फिरव.”

“आपा.”

“भिंतीकडं तोंड कर.”

“पुन्हा नाय घेणार ते मला. अडीच वर्षं…”

“क्रेनखाली माणसं उभी असतात, वासिफ. कोण ओरडलं तर?”

“चाचा माझ्यावर हात उगारून उभे होते तेव्हा तू कुठं होतीस?”

तिने हेडफोन त्याच्या कानांवर नीट बसवला, डाव्या बाजूचा जरा दाबून.

“खुर्ची फिरव.”

त्याने फिरवली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. लाइबाने बाहेर येऊन त्याच्या उजव्या कानात घरघर सोडली, म्हणजे चांगला कान वाईटाच्या मदतीला येणार नाही. मग डाव्या कानात वीसपासून पुन्हा सुरुवात केली. हिरवा दिवा लागला. विझला. लागला. विझला. वासिफची पाठ हलली नाही. इस्त्रीची घडी दोन्ही खांद्यांवरून सरळ खाली आली होती.

तीस. चाळीस. पन्नास. साठ.

अर्ध्या तासाने तिने कंपनीचा छापील फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, पद. ‘दोषाचे कारण’ या रकान्यात तिने ‘अज्ञात’ लिहिलं. खाली प्रत्येक कानाची सरासरी.

उजवा कान : १५ डेसिबल.

डावा कान : ६८ डेसिबल.