जड सायकल

नोकरी लागली त्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या पोरांना सायकलचं वेड लागलं. दोन हजार सालाची भीती सरली होती, कॉम्प्युटर बंद पडले नव्हते आणि सगळ्यांच्या हातात पहिल्यांदाच थोडा पैसा खुळखुळत होता. रविवारी पहाटे स्वारगेटला जमायचं आणि जुन्या कात्रज घाटाने बोगद्यापर्यंत चढायचं, असा नेम झाला.

बाकीच्यांनी एकेक करून गिअरच्या सायकली घेतल्या. बारीक टायर, खाली वळलेलं हँडल. माझी मात्र इंजिनिअरिंगला उदगीरहून पुण्याला आले तेव्हा घेतलेली, कॅरिअर आणि मडगार्डवाली, काळी आणि भयंकर जड.

"सत्यशीला, तू सायकल चालवतेस की रणगाडा?" आमचा संतोष विचारायचा. "आता घेऊन टाक ना नवीन. आम्हाला वर पोहोचून म्हातारपण येतं."

खरं तर वर माझी वाट बघणारे एकटे दत्तोबाच असत. बाकीचे बोगद्याला हात लावून लगेच उतरायला लागत. दत्तोबा कात्रज गावचे. तरुणपणी सायकलला कॅन लावून डेअरीला दूध घालायचे. आता साठी उलटली होती, शेताच्या जागी इमारती आल्या होत्या आणि मुलाने त्यांना हौसेने गिअरची सायकल घेऊन दिली होती. एका रविवारी ते वाटेत आमच्यात मिसळले ते मिसळलेच.

मी धापा टाकत पोहोचले की टपरीवरून त्यांची हाक यायची, "आलीस का? किती येळ लावतीस पोरी! चहा दोनदा उकळला." मग आम्ही चहा पीत खाली पसरलेलं शहर बघत बसायचो. कुठल्या इमारतीच्या जागी कुणाचा ऊस होता, ते दत्तोबा बोटाने दाखवायचे.

पावसाळा संपता संपता मी ठरवलं, दिवाळीला सायकल घ्यायची. दत्तोबांना सांगितलं.

"घे की. चांगलंच हाय," ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

पुढच्या रविवारी चढताना माझी चेन पडली. ती बसवून मान वर केली, तर वरच्या वळणावर दत्तोबा दिसले. सायकलवरून उतरून, हँडलवर भार टाकून ते चालत होते. दर दहा-पंधरा पावलांनी थांबत होते. पोरं केव्हाच पुढे गेली होती आणि मागे फक्त मी होते. मी झाडाआड तशीच उभी राहिले. वळण संपताना ते पुन्हा सायकलवर बसले, पाठ ताठ केली आणि दिसेनासे झाले. मी पोहोचले तेव्हा टपरीवरून नेहमीचीच हाक आली, "आलीस का?"

हलकी सायकल घेतली असती, तर मी त्यांना त्या वळणावरच गाठलं असतं.

दिवाळी गेली. संतोषने विचारलं, तर "अजून रंग पसंत पडेना" म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "लग्नाचं स्थळ बघतेयस का?" सगळे हसले. तो अख्खा हिवाळा मी त्या जड सायकलवर काढला, दर रविवारी दत्तोबांची बोलणी खाल्ली. त्या बोलण्यांइतकं गोड मला नंतर कुणी काही बोललेलं नाही.

मार्चमध्ये एकदा चहा पिताना ते सहज म्हणाले, "तू त्या दिवशी खाली थांबली व्हतीस. झाडामागं."

"चेन पडली होती, काका."

"चेन पडल्यावर माणूस खाली बघतो. तू वर बघत व्हतीस." त्यांनी ग्लास ठेवला. मग म्हणाले, "बरं केलंस. मला हा हिवाळा पायजे व्हता. पर आता गुडघे बास म्हणतात. पुढच्या रविवारपास्नं मी न्हाई येत. तू सायकल घे."

"घेईन हो सावकाश."

"सावकाश न्हाई. उद्या. मी येतो संगं."

आणि खरंच आले. धुतलेला सदरा घालून दुकानात प्रत्येक सायकल उचलून बघत होते. शेवटी एक निळी, त्यांच्या सायकलीहूनही हलकी, माझ्याइतकीच त्यांनाही आवडली. तिच्यावरूनच मी कात्रजला त्यांच्या घरी गेले. ते बसने आधीच पोहोचून दारात उभे होते.

"एक चक्कर मारू का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टांग टाकली. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले, पुन्हा गेले. सपाट रस्त्यावर ती सायकल त्यांच्याखाली वाऱ्यासारखी पळत होती.

त्यांच्या पत्नी, मुक्ताबाई, दारातून ओरडल्या, "आवो, गुडघं दुखत्यात म्हनत व्हता ना सकाळी?"

"हिच्यावर न्हाई दुखत!" ते लांबूनच ओरडले.

मुक्ताबाई डोक्याला हात लावून हसायला लागल्या. मीही हसले.

ते उतरले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. सायकल माझ्या हातात देताना हँडल काही त्यांच्याच्याने सोडवेना.

"काका, आठवडाभर राहू दे तुमच्याकडे," मी म्हणाले. "मला या आठवड्यात ऑफिसात कामच फार आहे."

ते नको नको म्हणाले, पण फार वेळ नाही. मी चहा घेतला आणि चालत बसथांब्यावर आले.