कुशाबाचा डंक आणि खणांचं कपाट

कुशाबा तावड्याला शिस्तीचं खूळ लागलं ते ऐन चैत्रात, म्हणजे नेमकं नको तेव्हा. लालबागेत त्याचा मसाला कुटायचा डंक होता. चैत्र-वैशाखात अख्खं गिरणगाव वर्षाचा मसाला कुटून घ्यायचं आणि त्या दोन महिन्यांवर कुशाबाचं वर्षभराचं घर चालायचं. समोरच्या फुटपाथवर रघुवीरचा डंक टपलेलाच होता. गिऱ्हाईक रुसलं, तर रस्ता ओलांडायला त्याला कितीसा वेळ?

बरं, गिऱ्हाईक म्हणजे बायका. आणि लालबागची बाई डबा ठेवून घरी जाईल, हे विसरा! भाजलेल्या मिरच्या घेऊन यायची, डंकासमोर फतकल मारायची आणि आपला मसाला डब्यात पडेपर्यंत नजर हटवायची नाही. शेजारणीचा मसाला आपल्या डब्यात आला म्हणजे? त्यात नंबरावरून भांडणं. कुशाबाचं डोकं नुसतं भणभणायचं.

अशात मनमोहन उगवला. गिरगावातल्या जुन्या खानदानी परभू घरातला. अंगात कोट, गळ्यात टाय आणि मागे हातगाडीवर खणाखणांचं लाकडी कपाट. फोर्टातल्या कुठल्याशा कंपनीची ‘कारभार-व्यवस्था’ विकत फिरत होता.

“प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड,” तो म्हणाला. “नाव, पत्ता, मसाल्यात काय काय आणि किती किती. कार्ड खणात, बिल्ला बाईंच्या हातात, बाई घरी! संध्याकाळी यायचं, डबा न्यायचा. गर्दी नाही, कटकट नाही.”

कुशाबाला स्वर्ग दोन बोटं उरला.

“कपाट आम्ही भाड्यानं देतो. वर्षाचं आगाऊ भरलंत तर सूट. कार्डं मात्र आमच्याकडचीच घ्यायची. आणि जितकी माणसं खण उघडणार, तितकं भाडं वाढणार.”

“म्हणजे मी उघडला तर वेगळे पैसे?” कुशाबाची बायको अंबिका म्हणाली. गल्ल्याची किल्ली तिच्या कमरेला असायची.

“हो, वहिनी.”

“आणि झुरळानं उघडला तर?”

“अगो, गप ऱ्हव!” कुशाबा खेकसला. “रघुवीरानं आधी घेतलं तर बसू बोंबलत. दे किल्ली.”

“लुगडं घेतानासुद्धा मी आधी उलगडून बघते. आज दिवसभर चालवून दाखवा, मग पैसे.” तिनं किल्ली कमरेला आणखी घट्ट खोचली. मनमोहनला मान डोलवावीच लागली.

पहिला नंबर यशोदाकाकूंचा. मनमोहननं पेन उघडलं. “बोला काकू, मिरची किती, धने किती, दगडफूल किती?”

काकू आधी पेनाकडे बघत राहिल्या, मग कपाटाकडे. “माझ्या आवशीचो मसालो आसा तो! सख्ख्या जावेक सांगूक नाय, आता ह्या कपाटाक सांगू?”

मागून रांगेतली मालन उसळली, “अगं बाई! लिहून घेऊन उद्या बाटल्यांत भरून विकणार हा कुशाबा!”

झालं! संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. लालबागच्या बायकांना मोर्चा काढायला पदर खोचण्याइतकाच वेळ लागायचा. त्यांनी मिरच्यांचे डबे डोक्यावर उचलले.

“डब्यासह मसाला...”

“मिळालाच पाहिजे!”

आणि घोषणा देत देत मोर्चा निघाला समोर, रघुवीरकडे. सगळा हंगाम कुशाबाच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडत होता!

“अंबिके, काहीतरी कर गो!”

अंबिका रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. “थांबा गो बायांनो! पहिलं कार्ड हे साहेब स्वतःचं भरतील. मग तुम्ही ठरवा.” ती मनमोहनकडे वळली. “तुम्ही गिरगावचे परभू ना? मग लिहा, तुम्ही मासळी-मटणात घालता तो घरचा संभार मसाला. काय काय, किती किती.”

मनमोहननं ऐटीत कार्डावर पेन टेकवलं. “त्यात काय! धने... बडीशेप... आणि...” पेन थांबलं. त्यानं हळूच इकडेतिकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं. “नाही हो वहिनी. आई घरात घ्यायची नाही मला.”

बायका अशा हसल्या की दोघींच्या मिरच्या सांडल्या. हसत हसतच त्या परत कुशाबाच्या डंकासमोर बसल्या. मनमोहन कपाटासकट हातगाडी ढकलत निघाला. अंबिकेनं गल्ला उघडला आणि सुताराकडून दोन बाकडी आणवली. गिऱ्हाइकांची बुडं जमिनीवर भाजत होती, तेवढीच काय ती अडचण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबानं डंक उघडला आणि चक्रावलाच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बायका त्याच्याच दारात! बाकडी भरून रांग पार नाक्यापर्यंत गेलेली आणि नंबरावरून कडाक्याचं भांडण जुंपलेलं. कुशाबाला त्या कलकलाटानं आनंदानं रडूच फुटायचं बाकी राहिलं.

“हा काय चमत्कार गो?”

अंबिकेनं हनुवटीनं समोर दाखवलं. रघुवीर एकटाच बसला होता, शेजारी ते खणांचं कपाट.

“काल मोर्चा अर्ध्या रस्त्यातून तुमच्याकडे परतला, ती कपाटाचीच करामत वाटली त्याला. घाईघाईनं घेतलं,” ती म्हणाली. “वर्षाचं आगाऊ भरलं. सूट मिळाली म्हणे.”