खरी थाप

"आपट ना! हात काय फुलं वेचायला आणलेत?" मी ओरडले.

चिमणीनं माझी कॉलर मुठीत धरली, कंबर वळवली आणि मला उचलून गादीवर आदळलं. जीभ दातांखाली आली. मी रक्त गिळलं आणि उठून पुन्हा तिच्यासमोर उभी राहिले.

"लागलं, ताई?"

"लागून घ्यायलाच आलेय मी. चल, पुन्हा."

माझं कामच ते. जगभरातले खेळाडू जमलेल्या त्या स्पर्धेत माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'सराव जोडीदार' असं लिहिलं होतं. सरळ सांगायचं तर मी पडणारी बाई. ज्युदोचा प्रत्येक डाव चिमणीनं आधी माझ्या हाडांवर घोटला. माझा खांदा निखळलाय, नाक वाकडं झालंय, कानांचा पार चोथा झालाय. आणि चिमणी या नावावर कुणी जाऊ नका. अठ्ठ्याहत्तर किलोची आहे माझी धाकटी बहीण!

त्या दिवशी तिची कांस्यपदकाची लढत होती. तिशी उलटलेली, दोन्ही गुडघे चिरून शिवलेले. पुढच्या खेपेपर्यंत ती टिकणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. आज नाही तर कधीच नाही, एवढा साधा हिशेब होता.

आमच्या घरी पट्टा म्हटलं की डोकं झाकायचं. बाबांनी कमरेचा पट्टा सोडला की त्या बकलाच्या आवाजानंच आम्ही कोपऱ्यात शिरायचो. रडलं तरी मार, गप्प बसलं तरी मार. पाय धरले तर धरलेल्या हातांवर मार. दमले की थांबायचे, त्याआधी नाही. आई एका व्यायामशाळेत झाडलोट करायची. ती आम्हाला बरोबर न्यायला लागली, तेवढीच आमची पाठ वाचायची. तिथं ज्युदो शिकवणाऱ्या सरांनी एकदा चिमणीला हाक मारली, "ये इकडे, तुला पट्टा देतो." पोरगी भिंतीशी जाऊन डोक्यावर दोन्ही हात घेऊन बसली. सर बिचारे हातात पांढरा पट्टा घेऊन खुळ्यासारखे बघत राहिले.

म्हणून त्यांनी तिला डाव नंतर शिकवले, आधी थाप शिकवली. सोसवेना की समोरच्याच्या अंगावर नाहीतर गादीवर हातानं दोन थापा मारायच्या. समोरच्यानं सोडायचं. त्या संध्याकाळी चिमणीनं मला तिचा गळा धरायला लावला. तिनं थाप मारली, मी सोडलं. पुन्हा धरायला लावला, पुन्हा सोडलं. ती खिदळत सुटली.

"ताई, खरंच सोडतात गं!"

ज्याचं जळतं त्याला कळतं. बाकीच्या मुली तिथं जिंकायला यायच्या, चिमणी त्या थापेसाठी यायची. स्पर्धेत मात्र पंचांनी थांबवल्याशिवाय सोडायचं नसतं. सर कानीकपाळी ओरडून थकले, पण पालथ्या घड्यावर पाणी! माझं बोट लागलं की तिचे हात आपोआप सुटायचे.

लढत सुरू झाली तेव्हा मी वर खेळाडूंच्या सज्जात कठड्याला धरून उभी होते. समोरची निळ्या पोशाखातली, खांदे दरवाजाएवढे. पहिल्याच झटापटीत तिचं डोकं चिमणीच्या भुवईवर आदळलं आणि भुवई फुटली. डॉक्टरांनी डोक्याभोवती पट्टी आवळली आणि लढत पुन्हा सुरू झाली. निळीनं तिला ओढलं, नडगीवर लाथ घातली, हवेत उचललं. चिमणी पडता पडता पोटावर वळली म्हणून वाचली. तिच्या पांढऱ्या पोशाखावर रक्ताचे फराटे उठले होते.

"मर किंवा मार!" माझा घसा फाटला.

शेवटी शेवटी चिमणीनं तिचा पाय अडकवून तिला खाली घेतली आणि खाली पडताच तिचा हात ओढून मांड्यांमध्ये धरला. कोपर सरळ झालं, मग उलटं वाकायला लागलं. निळी किंचाळली. आणखी जरासा जोर, की हात मोडो न मोडो, पदक आमचं होणार.

"मोड!" मी ओरडले. "मोड तिचा हात!"

आणि चिमणीचा चेहरा सैल झाला. तो चेहरा मी ओळखते. माझं बोट लागल्यावर तो तसाच होतो.

तिनं हात सोडला.

पंच दुसऱ्या बाजूला होते. त्यांना काही दिसलं नव्हतं, त्यांनी थांबवलंच नव्हतं. निळी उलटली, चिमणीच्या पाठीवर चढली आणि तिचीच कॉलर तिच्या गळ्याभोवती आवळली. चिमणी तडफडली. मग तिनं गादीवर थापा मारल्या, चांगल्या जोरात. मला वर ऐकू आल्या. निळीनं सोडलं नाही. चिमणीचे ओठ काळेनिळे पडले, हात आपटतच होता. पंच ओरडले, त्यांनी निळीचा खांदा धरून ओढला, तेव्हा कुठे ती सुटली. नियमाप्रमाणे तिचं काहीच चुकलं नव्हतं. मला मात्र त्या थापांत बकलाचा आवाज ऐकू येत होता.

टेबलावरच्या अधिकाऱ्यांनी रेकॉर्डिंग मागेपुढे करून पाहिलं. निळीचा दुसरा हात चिमणीच्या मांडीखाली होता, त्यामुळे कुठल्याच कॅमेऱ्यात काही दिसलं नाही. पदक निळीला गेलं. निळी कोपर पोटाशी धरून उभी होती. तिनं आमच्याकडे बघितलं नाही.

सरावाच्या हॉलमध्ये सर चिमणीवर तुटून पडले.

"का सोडलंस?"

"तिनं थाप मारली, सर."

"थापच मारली तिनं! आणि तू खरी मानलीस!"

"थाप खोटी नसते." तिच्या गळ्यातून नुसती हवा येत होती. "दोनदा मारली. मांडीला कळली मला."

सर भिंतीला पाठ लावून मटकन खाली बसले. माझा मात्र तोल सुटला.

"मोडायचा होतास हात! हाडं माझी खिळखिळी झाली, गुडघे तुझे गेले, ते कशासाठी? साधूसंत व्हायला? तिनं सोडलं का तुला? सोडलं का?"

चिमणीच्या गळ्यावर कॉलरचा लाल वळ उठला होता, तिथं ती बोट फिरवत राहिली. बाहेर पदकांसाठी नावं पुकारत होते. टाळ्यांचा आवाज आला आणि थांबला.

"ताई," ती म्हणाली, "गळा धर."

"वेड लागलंय का? आधीच सोललाय."

"धर ना गं."

मी तिच्या मागे बसले. रक्तानं ओली झालेली कॉलर मुठीत घेतली आणि हळूच ओढली.

"तशी नाही. खरी धर."

मी खरी धरली. तिची शीर माझ्या मनगटाखाली उडायला लागली. तिचा हात वर आला, अर्ध्यात थांबला. मला रडू फुटलं, पण मी पकड सोडली नाही. मग तिची दोन बोटं माझ्या कोपराला लागली. एकदा, आणि पुन्हा एकदा.

मी सोडलं.

ती खोकली, तिनं श्वास घेतला आणि कॉलर परत माझ्या हातात दिली.

"पुन्हा," चिमणी म्हणाली.