रविवारच्या बैठका

पुणतांब्याच्या तालमीत सहादेव बारा वर्षं घुमत होता. मिशनच्या शाळेतल्या दानीएल मास्तरांचा एलिया तिथं आला, तेव्हा सहादेवला त्याचं काहीच वाटलं नाही. उंच, हडकुळं, विशीतलं पोरगं. चार दिवस माती अंगाला लावील आणि जाईल घरी, असं त्यानं धरलं होतं.

पण एलिया टिकला. दोन वर्षांत त्याची छाती भरली, मान जाड झाली. आणि वस्ताद गहिनीनाथ त्याच्याकडं बघू लागले की त्यांचा चेहराच बदलायचा. सहादेवला ते बघवत नसे.

तालमीचा आठवडा ठरलेला होता. सोमवार ते शुक्रवार पहाटे जोर-बैठका, संध्याकाळी मातीच्या हौदात लढती. बुधवारी फावड्यानं सगळा हौद उकरायचा, म्हणजे खांदे तयार होतात. शनिवारी मारुतीला नारळ फोडून सगळ्यांना सुट्टी. एलिया मात्र रविवारी उपासनेला जायचा, म्हणून वस्तादांनी त्याची सुट्टी रविवारी ठेवली आणि शनिवारी, सगळे घरी गेल्यावर, मोकळ्या हौदात त्याला एकट्याला शिकवायला लागले.

हेच सहादेवच्या काळजात रुतलं. इतक्या वर्षांत वस्तादांनी त्याला कधी एकट्याला घेतलं नव्हतं. एका शनिवारी विसरलेला लंगोट आणायचं निमित्त करून तो गेला. वस्ताद स्वतः गुडघ्यावर बसून एलियाचा पाय धरून डाव दाखवत होते. "पुन्हा. न्हाई, आसं न्हाई. पुन्हा." सहादेव दारातूनच मागं फिरला. त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली नाही.

जर्मनीशी चाललेल्या लढाईचं तिसरं-चौथं वर्ष होतं. माघात वस्तादांना हिवतापानं धरलं. अंगात उठायचं बळ राहिलं नाही, तेव्हा त्यांच्या लेकीनं, छबूबाईनं, बैलगाडी पाठवून त्यांना कोपरगावला नेलं. गाडीत बसताना त्यांनी सहादेवचा हात धरला.

"चैत्रात कोपरगावला कुस्त्यांचं मैदान हाय. शेवटची मानाची कुस्ती एलियाची ठरलीय. त्याला तुझ्या हवाली करतो. त्याचा आठवडा मोडू नगं."

"न्हाई मोडत," सहादेव म्हणाला.

आणि पहिल्याच रविवारी त्यानं तो मोडला. एलियाला बोलावून म्हणाला, "उपासनेला जा, मी कुठं नगं म्हनतो? पन पहाटं हजार बैठका मारून जा. मैदान जवळ आलंय."

एलियानं मान डोलावली. पुढच्या आठवड्यात बुधवारबरोबर शुक्रवारीही हौद उकरायला लागला. लढती दोनाच्या चार झाल्या. शनिवारी दोरखंडावर चढ-उतार. एलिया एका शब्दानं कुरकुरला नाही.

गावात सहादेवची वाहवा सुरू झाली. पारावरची माणसं म्हणायची, "सहादेवानं पोरासाठी जिवाचं रान केलंय." ते ऐकून त्याला बरंही वाटायचं. पण आपण काय करतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. बावीस वर्षांचा असताना त्यानं स्वतःच्या अंगाचे असेच हाल केले होते. तेव्हा वस्तादांनी आठ दिवस घोंगडीवर पाडून ठेवून त्याला दूध पाजलं होतं. आरामाच्या दिवशीच अंग भरतं, हे तो तेव्हाच शिकला होता. आता एलियाच्या गालाची हाडं वर आलेली त्याला दिसत होती, लोट्यात अर्धं उरलेलं दूध दिसत होतं. रोज सकाळी तो ठरवायचा, आज पुरे. आणि एलिया लंगोट कसून समोर उभा राहिला की त्या शनिवारचं सगळं डोळ्यांपुढं यायचं. "मार दोनशे आनखी," तो म्हणायचा.

एकदा एलियाची आई मरियाबाई तालमीच्या दाराशी आली. आत न येता तिथूनच म्हणाली, "सहादेवदादा, पोरगं जेवत न्हाई. उपासनेत बसल्या जागी झोपतंय. रविवारचं तेवढं सोडा."

"बाई, कुस्ती मारायची तर अंग मोडावंच लागतं," सहादेव म्हणाला. ती आली तशीच परत गेली.

मैदानात एलियाची गाठ नाशिककडच्या एका पैलवानाशी पडली. वस्ताद अंगावर घोंगडी घेऊन कडेला येऊन बसले होते. सुरुवातीला एलियानं गड्याला दोनदा खाली घेतलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग त्याचे हात लटपटायला लागले. तोंड उघडं पडलं. गड्यानं कमरेला मिठी घातली आणि त्याला अलगद चीत केलं.

सहादेवला आनंद झाला. क्षणभरच, पण खरा आनंद झाला.

एलिया पाठीवरची माती न झटकता सरळ त्याच्याकडं आला आणि पायाला हात लावून म्हणाला, "तुमी लई कष्ट घेतले, दादा. मीच कमी पडलो."

वस्तादांनी एलियाला जवळ बोलावलं. त्याच्या मानेवरून, दंडावरून हात फिरवला.

"रविवारी काय करीत हुतास?"

"बैठका. हजार."

वस्तादांनी सहादेवकडं पाहिलं आणि घोंगडी सावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादेव छबूबाईच्या घरी गेला. वस्तादांच्या अंथरुणाशी बसला. म्हणाला, "वस्ताद, मी जानूनबुजून केलं."

"म्हाईत हाय. का केलंस?"

"तुमी त्याला एकट्याला शिकवायचा. मला कधी घेतलं न्हाई."

वस्ताद म्हणाले, "आरं, तू एकदा बघून डाव उचलायचास. त्याला धा-धा येळा दावावा लागतो. तुला एकट्याला घिऊन काय करायचं हुतं मी?"

वस्तादांनी दाराकडं हात केला.

"जा," वस्ताद म्हणाले, "मला सांगून काय उपेग? त्याला सांग."

सहादेव पुणतांब्याला परतला, तेव्हा एलिया तालमीत हौदाच्या कठड्यावर बसला होता. सहादेवनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एलियाचे कान लाल झाले. मुठी वळल्या, पुन्हा सुटल्या.

"आई सांगत हुती," तो म्हणाला, "मी तिलाच वाईट बोललो." आणि उठून गेला.

तालीम त्यानं सोडली नाही. पण सहादेवबरोबर तो पुन्हा कधी लढतीला उतरला नाही, आणि पायाला हातही लावला नाही. बरे होऊन परतलेल्या वस्तादांनी त्याचा आठवडा पहिल्यासारखा लावून दिला. पुढच्या वर्षी राहात्याच्या मैदानात एलियानं शेवटची, मानाची कुस्ती मारली. बातमी आली तेव्हा सहादेव हौदात तेल-ताक घालून माती कालवत होता. तो शनिवार पुन्हा त्याच्या डोळ्यांपुढं आला. त्यानं फावडं खाली ठेवलं, हात धुतले आणि मरियाबाईंना सांगायला मिशनच्या वाटेला लागला.